वापरलेलं रिव्हॉल्वर 1 लाख 10 हजारांना: भाव रास्त आहे का?

प्रश्न: माझं वय 42. सांगली जिल्ह्यात खतं-बियाण्यांचं दुकान आहे. हंगामात रात्री रोकड घेऊन घरी यावं लागतं म्हणून शस्त्र परवान्याचा अर्ज केला होता, तो मंजूर झाला. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ 1998 साली घेतलेलं सरकारी कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्वर 1,10,000 रुपयांना द्यायला तयार आहेत. नव्याचं कोटेशन करासकट 1,54,000 आलंय. शस्त्रविक्रेता म्हणतो, त्यापेक्षा इंग्लंडचं वेबली घ्या, 4,25,000 ला देतो, त्याची किंमत वाढतच जाते. बँकेत 6 लाखांची एफडी आहे, महिन्याला 20,000 शिल्लक पडतात. काय करावं?

उत्तर: 1998 चं रिव्हॉल्वर तपासणीत पूर्ण उतरलं, तर 85,000 ते 1,00,000 हा रास्त भाव आहे. 1,10,000 जास्त होतात. वेबली गुंतवणूक म्हणून घेऊ नका. आणि काहीही घेतलंत तरी एफडीला हात लावू नका. आता हे आकडे कुठून आले ते सांगतो.

वापरलेल्या देशी रिव्हॉल्वरचा भाव ठरवताना सुरुवात नेहमी नव्याच्या करासकट किमतीपासून करायची. तुमच्या कोटेशनमध्ये मूळ किंमत 1,10,000 आणि त्यावर 40 टक्के जीएसटीचे 44,000 आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्वर आणि पिस्तुलावरचा कर 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. तेव्हापासून जुनं हत्यार विकणारे ‘कर 12 टक्क्यांनी वाढला, म्हणून आमचाही भाव 12 टक्क्यांनी वाढला’ असा हिशोब सांगतात. तो चुकीचा आहे. जुन्या दराने हेच रिव्हॉल्वर 1,40,800 ला पडलं असतं, आता 1,54,000 ला पडतं. फरक 13,200, म्हणजे साडेनऊ टक्क्यांनाही थोडा कमी. शिवाय विकणारे गृहस्थ सरकारला जीएसटी भरणार नाहीत, कारण खासगी व्यक्तीने आपली वापरातली वस्तू विकली तर तो लागतच नाही. शस्त्रविक्रेत्याकडून जुनं हत्यार घेतलंत आणि त्याने पूर्ण किमतीवर 40 टक्के लावले, तर बिल नीट बघा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसेल, तर त्याला फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे.

नव्याच्या किमतीतून किती वजा करायचं? हत्यार निर्दोष असेल तर मी नव्याच्या 55 ते 65 टक्के धरतो. म्हणजे 84,700 ते 1,00,100. वॉरंटी नाही, स्प्रिंगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, आणि रचना जुन्या पद्धतीची, नळी खाली मोडून उघडणारी. 2023 साली कानपूरच्या सरकारी कंपनीने बाजारात आणलेल्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे कप्पे असलेला फिरता भाग, बाजूला निघतो. नवा खरेदीदार साहजिकच तिकडे वळतो, आणि उद्या तुम्हाला विकायचं झालं तर गिऱ्हाईक याच मुद्द्यावर भाव पाडणार.

भाव मागताना तुमच्या हातात आणखी एक मुद्दा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार 25 वर्षं बाळगलं, तर ते हयातीतच वारसाला देण्याचा मार्ग खुला होतो. 1998 ची खरेदी या अटीत बसते. तरीही ते विकतायत, म्हणजे बहुधा घरात कोणाला नकोय. आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांना फक्त परवानाधारक चालतो. त्यातही 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे गिऱ्हाइकं आणखी घटली. परवाना सोडायची किंवा वारसांवर विकायची वेळ आली की मिळेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून 90,000 पासून बोलायला सुरुवात करा. संकोच वाटू देऊ नका.

हे सगळं हत्यार निर्दोष असेल तरच. तपासणी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या कारागिरासमोर करा. त्याची मजुरी तुम्ही द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलेल. आधी रिव्हॉल्वर उघडून सहाही कप्पे रिकामे असल्याची दोघांनी स्वतंत्रपणे खात्री करायची, मगच पुढे.

पहिली परीक्षा बिजागरीची. नळी मोडून उघडणाऱ्या रचनेत सगळा ताण बिजागरी आणि वरच्या खटक्यावर येतो. रिव्हॉल्वर बंद करून मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खटक्यापाशी हालचाल जाणवली तर सौदा तिथेच संपवा. एका झटक्यात नळी खाली पाडून उघडायच्या सवयीने हे होतं. दुरुस्ती करतात, पण ती टिकत नाही.

मग घोडा अगदी सावकाश मागे ओढा, सहा कप्प्यांसाठी सहा वेळा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर जागेवर ‘टक’ करून बसला पाहिजे. एखादा कप्पा मागे राहत असेल, तर गोळी सुटताना नळीच्या तोंडाशी सरळ रेषेत नसते, शिशाचे कण बाजूने उडतात आणि शेजारी उभ्या माणसाला लागतात. पाच कप्पे बरोबर आणि एक चुकीचा असं बऱ्याचदा होतं, म्हणून एक-दोन बघून थांबू नका. सिलिंडर फिरवणारा भाग, ज्याला ‘हात’ म्हणतात, झिजला असेल तर बदलता येतो. सिलिंडरच्या खाचा झिजल्या असतील तर मात्र खर्च मोठा.

घोडा चढवलेला असताना, चापाला बोट न लावता, अंगठ्याने मागून बेताचा दाब द्या. घोडा पडला तर आतली पकड झिजली आहे किंवा कोणीतरी चाप हलका करण्यासाठी कानस मारली आहे. असं हत्यार कमरेला लावणं धोक्याचं. ते कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण 0.10 ते 0.25 मिलिमीटर ठीक. 0.30 च्या पुढे गेली की ज्वाळा आणि कण बाजूला फेकले जातात. नळीत मागून पांढरा कागद धरून उजेड पाडा आणि पुढून बघा. बारीक खड्डे म्हणजे काडतूस उडवल्यावर साफ न केल्याची खूण. थोडे असतील तर 5 ते 10 हजार कमी करा. पण नळीत एका जागी काळसर कडं दिसलं, तर आधीची गोळी अडकलेली असताना दुसरी उडवली गेली आणि नळी फुगली असा अर्थ होतो. त्या रिव्हॉल्वरची किंमत तुमच्यासाठी शून्य.

चकचकीत नवं ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) बघून खूश होऊ नका. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या आणि कोरलेली अक्षरं कडेला बोथट दिसली, तर गंज घासून वरून रंग चढवलाय असं समजा. क्रमांकावर तर विशेष लक्ष द्या. परवान्यावरचा आणि हत्यारावरचा क्रमांक अंक न् अंक जुळला पाहिजे. क्रमांक खोडलेलं, घासलेलं हत्यार घेणं शस्त्र कायदा 1959 च्या कलम 8 खाली गुन्हा आहे. तिथे भावाचा प्रश्नच उरत नाही.

मुख्य स्प्रिंग बदलणं, पूर्ण साफसफाई, पुन्हा ब्लूइंग यांचा अंदाज कारागिराकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम भावातून वजा करा.

कागदपत्रांचा भाग किचकट नाही, पण क्रम चुकला तर पैसे अडकतात. तुमच्या परवान्यावर रिव्हॉल्वरची परवानगी आणि खरेदीची मुदत काय लिहिली आहे ते आधी वाचा. विकणाऱ्यांचा परवाना चालू आहे का आणि त्यावर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का, ते बघा. कलम 5 प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा लेखी कळवायचा असतो आणि त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. त्या अर्जाची पोचपावती स्वतः बघा. तोवर पूर्ण रक्कम देऊ नका. द्यायचाच असेल तर 5,000 चा विसार, तोही परवानगी नाकारली गेली तर परत, असं लिहून घेऊन. उरलेले पैसे हस्तांतराची नोंद होताना बँकेतून द्या. नोंद दोघांच्याही परवान्यावर झाली पाहिजे. नाहीतर हत्यार तुमच्या घरात आणि कागदावर त्यांच्या नावे, अशी स्थिती दोघांनाही महागात पडते.

आता वेबली. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आणणं जवळपास बंद झालं. पुरवठा गोठला, म्हणून भाव चढले. विक्रेता तेवढंच सांगतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की ते रिव्हॉल्वर किमान चाळीस वर्षांचं आहे आणि त्याचे सुटे भाग मिळणं कठीण. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेबली अँड स्कॉट याच नावाने .32 रिव्हॉल्वर बनू लागलं आहे, त्यामुळे नुसतं नाव बघून लाखो रुपये मोजायचं कारण नाही, इंग्लंडचे ठसे आहेत का ते बघावं लागतं. कप्प्याची लांबीही तपासावी लागते. जुन्या परदेशी हत्यारावर नुसतं .32 लिहिलेलं असतं. ते आखूड काडतुसासाठी बनवलेलं असेल तर आपल्याकडे सहज मिळणारं, खडकीच्या कारखान्याचं .32 लाँग त्यात बसणारच नाही. आणि .380 किंवा .455 चं रिम असलेलं काडतूस घेणारं रिव्हॉल्वर तर निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, ते तुमच्या परवान्यावर चढतच नाही.

गुंतवणूक म्हणून हिशोब असा. 4,25,000 वर वर्षाला 7 टक्के व्याज धरलं, तर दहा वर्षांत करापूर्वी साधारण 8,36,000 होतात. वेबली तेवढ्याला विकलं गेलं तरच बरोबरी, आणि त्यात विक्रेत्याचं कमिशन धरलेलं नाही. शेअर किंवा सोनं तुम्ही एका दिवसात मोडू शकता. इथे गिऱ्हाईक, परवानगी आणि 45 दिवस, तिन्ही जमून यावं लागतं. बँक यावर कर्जही देत नाही. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, म्हणून ‘अर्धे रोख द्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहा.

तुमच्या मूळ काळजीबद्दल दोन गोष्टी, कारण मला ती रिव्हॉल्वरपेक्षा मोठी वाटते. हत्याराने लुटलेली रोकड परत येत नाही. दुकानाच्या विमा पॉलिसीत वाहतुकीतल्या रोकडीचं कलम असतं, ते तुमच्या पॉलिसीत आहे का आणि हंगामातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या गल्ल्याइतकी त्याची मर्यादा आहे का, हे याच आठवड्यात विमा एजंटला विचारा. आणि हंगामात बँकेत भरणा दिवसातून दोनदा करा, म्हणजे रात्री हातात थोडीच रक्कम राहील. या दोन गोष्टी रिव्हॉल्वर घेतलं तरी कराव्या लागतील.

पैशांची जुळणी सोपी आहे. आजपासून महिन्याला 20,000 बाजूला टाकलेत तर पाच महिन्यांत लाख होतात. परवानगीला वेळ लागणारच आहे, परवान्यावरची खरेदीची मुदत मात्र तेवढी आहे ना ते पाहा. हत्याराच्या किमतीशिवाय पहिल्या वर्षासाठी 25,000 वेगळे धरा: सरावाची काडतुसं, भिंतीत पक्की बसवलेली लहान तिजोरी, किरकोळ दुरुस्ती. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचा आदेश आला आणि ते शस्त्रविक्रेत्याकडे ठेवलंत तर त्याचं भाडं लागतं. जमा करताना पावतीवर क्रमांकासोबत हत्याराची अवस्थाही लिहून घ्या. एफडी दुकानासाठी आणि घरासाठी आहे. एका पावसाने हंगाम बिघडला की तीच लागेल.

गृहस्थांना आधी सांगा की कारागिराची तपासणी आणि परवानगी या दोन अटींवर 90,000 देईन. ते 1,00,000 पर्यंत उतरले आणि रिव्हॉल्वर सगळ्या परीक्षांत उतरलं, तर घ्या. 1,00,000 च्या वर अडून राहिले तर थांबा आणि आणखी तीन महिने साठवून नव्याकडे जा. 1,10,000 आणि 1,54,000 यांतला 44,000 चा फरक वॉरंटी, नव्या स्प्रिंगा आणि निर्विवाद कागदपत्रं यांच्यासाठी मोजायला हरकत नाही.