आंब्यावरच्या घुबडाला कावळे-कोतवाल छळतात, त्यांना हाकलावं का?

नको, हाकलू नका. फोंड्यात तुमच्या घरामागच्या आंब्यावर रोज सकाळी कावळे, कोतवाल, बुलबुल मिळून घुबडावर तुटून पडतात आणि ते बिचारं गप्प बसतं, असं तुम्ही लिहिलंय. पण तिथे बिचारं कुणीच नाही. रात्री झोपलेले पक्षी आणि घरट्यातली पिल्लं उचलणारा शिकारी दिवसा सापडलाय. त्याची जागा सगळ्यांना कळवायची आणि त्याला तिथून उठवायचं, यासाठी तो कलकलाट. विणीच्या दिवसांत तर जास्तच.

आमच्या डिचोलीकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जुन्या आंब्याच्या ढोलीबाहेर पिंगळा हे छोटं घुबड बसतं. आधी कोतवाल ओरडतो, मग बुलबुल, दयाळ, अगदी बोटभर शिंजीरसुद्धा हजर. कोतवाल सहसा समोरून येत नाही, मागून येऊन मानेला चाटून जातो. पिंगळा गर्रकन मान फिरवतो, कारण त्याचे डोळे खोबणीत हलतच नाहीत. दिवसा घुबडाला दिसत नाही, हे मात्र खरं नव्हे. चांगलं दिसतं, पण उघड्यावर उडालं की कावळे पाठ सोडत नाहीत, म्हणून ते बसून राहतं.

आवाज नीट ऐका. हा ओरडा खरखरीत, तुटक असतो. कुठून येतोय ते लगेच कळतं, म्हणून लांबचे पक्षीही जमतात. वर ससाणा दिसला की बरेच लहान पक्षी उलट बारीक, लांब शीळ घालतात, तिचा ठावच लागत नाही. भृंगराज हा लांब शेपटीचा कोतवाल तर दुसऱ्या पक्ष्यांच्या अशा हाकांची हुबेहूब नक्कल करतो, हे श्रीलंकेच्या जंगलात अभ्यासकांनी नोंदवलंय. आपल्या मोले-बोंडल्याच्या अभयारण्यांत भृंगराज दिसला तर जरूर कान द्या.

फोटोसाठी मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवून पक्षी गोळा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पिल्लांना भरवायचं सोडून आईबाप खोट्या शत्रूमागे धावतात. तुम्ही तसं करू नका.

घुबड जमिनीवर पडलं असेल, पंख लोंबत असेल, तेव्हा मात्र लगेच मध्ये पडा. जखमी घुबडाला कावळे मारूनही टाकतात. जाड कापड टाकून उचला, नख्या सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी पाजू नका, भरवू नका, थेट वन खात्याला कळवा. 1972च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण आहे, त्यामुळे बरं होईपर्यंत घरी ठेवू म्हणणंही चालत नाही.