किड्यांच्या फोटोंसाठी लेन्स: किडा किती मोठा, आणि तो किती जवळ येऊ देतो?

तुमच्याकडे कॅननची एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी आहे, १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी एसटीएम या झूम लेन्स आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरता, फुलपाखरं, चतुर, ओंबील (झाडावर पानं विणून घरटं करणारी लाल मुंगी) आणि उड्या मारणारे छोटे कोळी टिपायचेत. ६० मिमी मॅक्रो (जवळून मोठं दाखवणारी लेन्स) घ्यावी, १०० मिमी घ्यावी की स्वस्तातल्या एक्स्टेंशन ट्यूबवर (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) भागवावं, हा तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: ६० मिमी नको, ट्यूबही नकोत. आधी ५५-२५० वर क्लोज-अप लेन्स (लेन्सच्या पुढे लावायचं भिंग) लावून एक पावसाळा काढा आणि वाचलेले पैसे फ्लॅशमध्ये घाला. पुढे हौस टिकली तर १०० मिमी.

आता कारणं. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २२ मिमी. १:१ म्हणजे किड्याची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाची पडते, म्हणजे २२ मिमी रुंदीचा तुकडा फ्रेमभर होतो. आपल्या राज्याचं फुलपाखरू, राणी पाकोळी, पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. त्याला मॅक्रो लागतच नाही. तुमची ५५-२५० आहे तशी ०.२९ पटीपर्यंत जाते आणि तेही ८५ सेंमीवरून, ते पुरून उरतं. चतुरांचंही तसंच. त्यांच्यातले बरेचसे उडाले तरी फिरून त्याच काडीवर येऊन बसतात, तेव्हा मीटरभर लांब थांबून २५० वर वाट बघायची. ओंबील आठ-दहा मिमीची, तिला १:१ हवं. पाच-सहा मिमीच्या कोळ्याचे डोळे नीट दिसायला दीड-दोन पट. थोडक्यात, तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींसाठी लेन्स तुमच्याकडे आधीच आहे.

दुसरी गोष्ट, आणि लेन्स निवडताना सगळ्यात जास्त हीच हुकते: कंपनी जे 'किमान फोकस अंतर' छापते ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यात बॉडी आणि लेन्सची लांबीही धरलेली असते. आपल्याला हवं असतं लेन्सच्या पुढच्या काचेपासून किड्यापर्यंतचं अंतर. कॅननच्या ६० मिमी मॅक्रोवर २० सेंमी लिहिलेलं आहे, पण १:१ ला पुढे जेमतेम ९ सेंमी उरतात. कॅननच्याच १०० मिमी 'एल' मॅक्रोवर ३० लिहिलंय, हातात येतात साधारण १४. १८० मिमीवर ४८ लिहिलंय, मिळतात २४ च्या आसपास. ९ आणि १४ मधले पाच सेंमी फार महत्त्वाचे. फुलपाखरू तेवढ्यात उडतं. ओंबील पळत नाही, उलट अंगावर येते. ९ सेंमीवरून काढायला गेलात तर ती फांदीवरून थेट लेन्सवर आणि तिथून मनगटावर चढते.

मग १८० मिमीच का नको? किलोभर वजन तर आहेच, पण खरा मुद्दा उजेडाचा आहे. १:१ ला एफ/८ वर (हा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) तुमच्या सेन्सरला जेमतेम ०.६ मिमी खोली फोकसमध्ये मिळते, म्हणून एफ/८ ते एफ/११ वर जावंच लागतं. शिवाय १:१ ला लेन्स तेवढी लांबल्यामुळे एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. पावसाळ्यातल्या रानात झाडाखाली एवढा उजेड कुठून आणणार? फ्लॅश लागतोच. आणि फ्लॅशचा उजेड मऊ व्हायचा तर डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पांढरा पडदा) किड्याच्या जवळ हवा. जितके लांब जाल तितका डिफ्यूझर मोठा करावा लागतो, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका जळतो. १४ सेंमीवर किडाही थांबतो आणि उजेडही पोचतो, म्हणून १०० मिमी (किंवा ९०, १०५, कोणत्याही चांगल्या कंपनीची).

आता ट्यूब. ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ३६ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सवर ०.७२ पट वाढवते, पण किडा काचेच्या बराच जवळ आणावा लागतो. तीच ट्यूब २५० वर फक्त ०.१४ देते. क्लोज-अप लेन्सचं बरोबर उलट आहे: ती लांब लेन्सवर खुलते. रेनॉक्स कंपनीची डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं माप). लेन्स अनंतावर असताना २५० मिमीला साधारण १.२ पट देते, २० सेंमी अंतर ठेवून! डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची, तीच लेन्स २ पटीवर नेते आणि १२ सेंमी तरी उरतात. दोन्ही चिमट्याने ५२ ते ६७ मिमीच्या तोंडावर बसतात, तुमचं ५८ आहे. झूम मागे आणला की कोपरे काळे पडतात, तेव्हा वरच्या टोकालाच वापरा. तुम्ही डीसीआर-१५० पासून सुरुवात करा. डीसीआर-२५० वर फोकस सापडवणं नव्या हाताला जड जातं.

१८-५५ उलटी लावायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. कोरड्या घरात ठीक. पण त्यात मागची काच उघडी राहते आणि अंतर चार-पाच सेंमी. सह्याद्रीच्या पावसात हे करू नका. दोनशे-तीनशे रुपयांची एकेरी काचेची क्लोज-अप फिल्टरंही टाळा, त्यांच्यात कडांना जांभळी-हिरवी झालर येते.

फ्लॅशसाठी साधा मॅन्युअल चालतो. शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, एफ/८. फ्लॅश कमी पॉवरवर ठेवला की त्याचा झोत १/१००० सेकंदाहूनही छोटा असतो, तोच हाताची थरथर थांबवतो. ५५-२५० वरचं आयएस (थरथर कमी करणारी सोय) इतक्या जवळून फारसं कामी येत नाही. ऑटोफोकस बंद करून, अंग हळूच पुढे-मागे करत डोळा फोकसमध्ये आला की क्लिक. डिफ्यूझर ट्रेसिंग पेपर आणि पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा घरीच होतो.

अजून एक, हे मला मनापासून सांगायचंय. किडा हलू नये म्हणून त्याला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. कृपया तसं करू नका. पहाटे गारव्यात किडे आपोआप सुस्त असतात, पंखांवर दव असतं, तेव्हा जा. पान तोडू नका, फांदी वाकवू नका. त्या पानामागे कुणाची अंडी असू शकतात.

आणि रानातून परतल्यावर रेनॉक्स ओल्या बॅगेत ठेवू नका. पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात लेन्सबरोबरच ठेवा. पावसाळ्यात बुरशी सगळ्यात आधी बिनवापराच्या काचेवर धरते, तेव्हा १८-५५ पण त्याच डब्यात जाऊ द्या.