कोपऱ्यातल्या खिडक्यांना आणि बे विंडोला रोलर ब्लाइंड नीट कसे बसवावेत?

तुमच्या एका खोलीत दोन खिडक्या काटकोनात भिडतात, दुसरीत तीन भागांची बे विंडो, म्हणजे भिंतीतून कोनात बाहेर आलेली खिडकी आहे, आणि दोन्हीकडे रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे कापडी पडदे, लावल्यास कोपऱ्यातून उजेडाची उभी फट दिसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. फट राहतेच. नळीच्या एका टोकाला साखळीची यंत्रणा, दुसऱ्या टोकाला ती अडकवायची खिळी आणि शिवाय नळी पेलणाऱ्या ब्रॅकेटची जाडी, यांत मिळून साधारण ३० ते ४० मिमी रुंदी जाते व कापड तेवढे अरुंद राहते. त्यातही साखळीकडची बाजू जास्त जागा खाते. म्हणून मी हे काम करताना ती फट नेमकी कशासमोर पडेल हे आधी ठरवतो आणि मगच टेप हातात घेतो.

बे विंडोत हे त्या मानाने सोपे असते, कारण दोन चौकटी जिथे भेटतात तिथे बहुधा एक उभा खांब असतो. शेजारच्या दोन कापडांच्या कडा त्या खांबासमोर संपल्या, तर फट असूनही तिच्यातून उजेड येत नाही. मात्र ब्लाइंड काचेपासून जितका पुढे येईल तितका तिरप्या नजरेला खांब बाजूला सरकतो आणि काच उघडी पडते, म्हणून तो काचेच्या जितका जवळ बसवता येईल तितका बरा. आड येते ते खिडकीचे हँडल. ते चौकटीच्या किती बाहेर येते हे मोजावे आणि कापड त्याच्यापासून निदान १० मिमी दूर राहील एवढेच अंतर पुढे यावे. खिडकी आत उघडणारी असेल, तर ब्लाइंड गुंडाळलेला असताना झडप नळीखालून मोकळी फिरते का, हेही पाहून घ्यावे.

आता माप. ब्लाइंड काचेपासून पुढे आला की आतल्या बाजूने कोपरा अरुंद होत जातो आणि चौकटीवर घेतलेली रुंदी उपयोगाची राहत नाही. पुढे आलेले अंतर नळीच्या मध्यापर्यंत न मोजता गुंडाळीच्या किंवा ब्रॅकेटच्या सर्वांत पुढच्या कडेपर्यंत मोजावे. गुंडाळी वाटते त्यापेक्षा जाड होते, कारण ३८ मिमीच्या नळीवर ०.४ मिमी जाडीचे दोन मीटर कापड गुंडाळले की व्यास ५० मिमीच्या आसपास जातो. कोपरा काटकोनी असेल तर पुढे आलेल्या अंतराइतकीच रुंदी त्या टोकाकडून कमी होते, १२० अंशांत त्या अंतराच्या सुमारे ५८ टक्के, १३५ अंशांत ४१ टक्के आणि १५० अंशांत २७ टक्के. म्हणजे १३५ अंशांच्या बे विंडोत पुढची कडा काचेपासून ७० मिमीवर येत असेल, तर बाजूच्या ब्लाइंडची रुंदी कोपऱ्याकडून २९ मिमी घटते, आणि मधल्या ब्लाइंडला दोन्हीकडे कोपरे असल्यामुळे त्याची ५८ मिमी. याशिवाय दोन ब्रॅकेट एकमेकांना घासू नयेत म्हणून प्रत्येक टोकाला तीन-चार मिमी सोडावेत. कोपरा खोलीत घुसलेला असेल, तर हाच हिशेब उलटा होतो आणि रुंदी वाढते.

कोन मात्र अंदाजाने धरू नये, कारण बांधकामातला कोपरा क्वचितच गुण्यात, म्हणजे अचूक कोनात असतो. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना ५०० मिमीवर खूण करावी आणि त्या दोन खुणांमधले सरळ अंतर मोजावे: ७०७ मिमी आले तर काटकोन, ८६६ आले तर १२० अंश, ९२४ आले तर १३५, ९६६ आले तर १५०. आकडेमोड नको असेल, तर पुढच्या कडेच्या अंतराइतक्या रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापाव्यात, त्या ब्लाइंड जिथे अडकवायचे तिथेच, म्हणजे छताला किंवा वरच्या तुळईला, काचेला समांतर धरून त्यांच्या आतल्या कडा पेन्सिलीने आखाव्यात. रेषा जिथे छेदतात तो तुमचा खरा कोपरा. मला स्वतःला ही रीत जास्त भरवशाची वाटते. खालच्या कट्ट्यावर आखण्याचा मोह होतो, पण वरची आणि खालची मापे एक निघतीलच असे नाही. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घेऊन सर्वांत लहान माप धरावे.

काटकोनात भिडणाऱ्या खिडक्यांचे, विशेषतः मध्ये खांब नसून काचेला काच भिडलेली असेल तर, काम खरे अवघड. दोन्ही ब्लाइंड सारखेच आखूड करून टोकाला टोक भिडवता येते, पण मग दोन्हीकडची फट एकाच ठिकाणी येते आणि तिच्यामागे उघडी काच असते. त्यापेक्षा एक ब्लाइंड थेट कोपऱ्यापर्यंत न्यावा आणि दुसरा त्याच्या अलीकडे थांबवावा. ज्या खिडकीकडे तुम्ही बसल्या जागेवरून समोरासमोर पाहता, तिचा ब्लाइंड कोपऱ्यापर्यंत जाऊ द्या. त्याचे कापड दुसऱ्याच्या कडेमागे सरकत गेल्यासारखे दिसते आणि समोरून फट नजरेत येत नाही. इथे एक बारकावा सहसा सुटतो. नेहमीच्या पद्धतीत कापड गुंडाळीच्या मागून, काचेकडून उतरते; तसे ठेवले तर दुसऱ्या ब्लाइंडची कड आणि पहिल्याचे कापड यांच्यात गुंडाळीच्या संपूर्ण जाडीचे अंतर पडते आणि फट ७० मिमीच्या घरात जाते. पहिल्याचे कापड पुढून उतरणारे घेतले, तर तीच फट साधारण २५ मिमीवर येते. खोलीत एकसारखे दिसावे म्हणून मग दोन्ही पुढून उतरणारेच घ्यावेत. गुंडाळी कापडामागे लपते हा वरचा फायदा, आणि हँडलही आपोआप टळते.

कोपऱ्यात नेहमी खिळीचे टोक यावे आणि साखळ्या बाहेरच्या टोकांना जाव्यात. बे विंडोतल्या मधल्या ब्लाइंडला हे जमत नाही, त्याची साखळी कुठल्या तरी एका कोपऱ्यात येणारच. ती खोलीच्या दारातून कमी दिसणाऱ्या बाजूला द्यावी. शेजारच्या नळ्या फिरत्या सांध्याने जोडून एकाच साखळीवर चालवण्याची सोयही मिळते, पण प्रत्येक सांध्याला कोनाची मर्यादा असते आणि तिन्ही ब्लाइंड एकदमच वर-खाली होतात. एका बाजूने ऊन येत असताना दुसरी बाजू उघडी ठेवता येत नसेल, तर बे विंडोची निम्मी मजा गेली असे माझे मत आहे. साखळी स्वतंत्र असो वा सामाईक, घरात लहान मुले असतील तर तिचा लोंबता फास राहू न देता ती भिंतीवरच्या पकडीत ताणून बसवणे अत्यावश्यक आहे.

बसवताना सर्व ब्रॅकेटची उंची एकाच पाणसळीच्या रेषेवरून घ्यावी, छतापासून मोजू नये; छत जरा उतरते असले की शेजारशेजारच्या गुंडाळ्या वरखाली दिसतात आणि तिरप्या नळीवर कापड एका बाजूला सरकत जाऊन कडा ब्रॅकेटला घासून विरतात. काटकोनात कोपऱ्यापर्यंत जाणारा ब्लाइंड आधी बसवावा, पूर्ण खाली सोडून पाहावा आणि त्याची तळपट्टी मोकळी जाते याची खात्री झाल्यावरच दुसऱ्यासाठी छिद्रे पाडावीत. कापडाबद्दल एवढेच, की पूर्ण अंधार करणाऱ्या कापडाशेजारी बारीकशी फटही लख्ख उठून दिसते, तर उजेड गाळून आत सोडणाऱ्या कापडात तीच फट फारशी जाणवत नाही. झोपण्याची खोली नसेल तर मी उजेड गाळणारेच घेईन.

ऑर्डर देताना माप चौकटीचे आहे की ब्रॅकेटच्या बाहेरून बाहेरपर्यंतचे, हे लेखी सांगावे. चौकटीचे समजून बनवणारा स्वतःहून काही मिलिमीटर वजा करतो, आणि तुम्ही कोपऱ्याची वजावट आधीच केलेली असेल तर ती दुहेरी होऊन फट थेट काचेसमोर येते.