इम्प्लांटचा स्क्रू चकचकीत का नसतो?

तुम्ही विचारलंय की, डॉक्टरांनी आईच्या दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात बसवण्यासाठी दाखवलेला टायटॅनियमचा स्क्रू (इम्प्लांट) करडा, मळकट आणि खरबरीत होता, तर तो हलका माल आहे का?

नाही. मी सांगलीत इम्प्लांट बसवतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या पेठेत पॉलिश केलेल्या हळकुंडाला चढा भाव मिळतो, म्हणून चकाकी म्हणजे प्रत असं मनात बसलेलं असतं. हाडाला मात्र चकाकी नको असते.

दातांच्या इम्प्लांटचे जनक मानले जाणारे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीतच होते. ते टिकले, पण हाड जुळायला ३ ते ६ महिने थांबावं लागायचं. पुढे स्क्रूवर ॲल्युमिना या कठीण पदार्थाच्या कणांचा मारा करून तो आम्लात बुडवू लागले. माऱ्याने मोठे खळगे पडतात, आम्लाने त्या खळग्यांत आणखी बारीक खड्डे. यामुळे कित्येकदा दीड-दोन महिन्यांत दात चढवता येतो.

टाकी लावलेल्या पाट्यासारखी पकड मिळते, हे खरंच. पण तेवढंच नाही. खड्ड्यांत आधी रक्त शिरतं. गुठळीचे धागे खरबरीत अंगाला चिकटून राहतात आणि त्यांच्यावरून हाड घडवणाऱ्या पेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात. गुळगुळीत अंगावरून धागे सुटतात, मग हाडाला भोकाच्या पलीकडच्या कडेकडून सरकत यावं लागतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते पेशींच्या वागण्याचं. प्रयोगशाळेत गुळगुळीत टायटॅनियमवर त्या पसरतात, भराभर संख्येने वाढतात. खरबरीत पृष्ठभागावर संख्या कमी भरते, पण अल्कलाइन फॉस्फटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन ही हाड घडताना तयार होणारी प्रथिनं जास्त सापडतात, म्हणजे पेशी हाड घडवायच्या कामाला लागलेल्या असतात.

म्हणून जितका खरबरीत तितका चांगला, असंही नाही. सरासरी १ ते २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खडबडीतपणा हाडाला मानवतो. त्याहून जास्त असेल आणि हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर जंतूंनाही तिथे थारा मिळतो.

स्क्रूचं सीलबंद पाकीट ऐन वेळीच उघडायला सांगा. उघड्या हवेत टायटॅनियमवर कार्बनचा थर बसतो, मग ओलावा नीट धरत नाही. पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या. आणि आई मिश्री लावत असतील किंवा त्यांची साखर वाढलेली असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगा. स्क्रू कितीही चांगला असला, तरी या दोन्हींमुळे हिरडी आणि हाड भरून यायला अडथळा होतो.