गुलमर्गला मुलांना घेऊन स्कीइंगला जाताय?

नाताळच्या सुट्टीचा हट्ट सोडा. तेव्हा स्कीइंगपुरता बर्फ असेलच असं नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी धरा. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू दे.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. पण बर्फ पडला की तुमची गाडी तंगमर्गलाच थांबते, आणि पुढचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीने जावं लागतं. त्याचे पैसे वेगळे, आधीच ठरवून घ्या.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट ऑनलाइन काढा, पण नवशिक्यांनी दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत उतरायचा विचारही करू नका. तो टप्पा जातो त्या अफरवट डोंगराचे उतार तरबेज लोकांसाठी आहेत, तिथे हिमस्खलनाचा धोकाही असतो. मुलांना पायथ्याच्या सपाटसर उतारावरच शिकवा. प्रशिक्षक पूर्ण दिवस नको. दोन-तीन तासांत पोरं थकतात, मग नुसती रडारड. बूट भाड्याने घेताना घालून, चालून बघा. टाच आत उचलली जात असेल तर बदलून मागा, दुकानदार कितीही ‘चलेगा’ म्हणो.

जीन्स नकोच, भिजली की संपलं. वॉटरप्रूफ हातमोजे मात्र इथूनच न्या, प्रत्येकी दोन जोड. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड हवं.