दीपगृहाचे भिंग आणि गढीचा चुना

प्रश्न : सहलीत मुलांनी थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचे १८६७ सालचे दीपगृह पाहिले. आमच्याकडे लग्नातल्या गॅसबत्तीचा उजेड मांडवाबाहेर जेमतेम पोचायचा. मग रॉकेलचा दिवा समुद्रात कोसच्या कोस कसा दिसे?
— एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दिवा तुमच्या गॅसबत्तीचाच भाऊबंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुष्कळ दीपगृहांत दाबाखाली रॉकेलची वाफ करून ती मेंटलवर, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीवर, जाळत. फरक भिंगाचा. गॅसबत्तीचा उजेड आभाळात, जमिनीवर, चहूकडे सांडतो. दीपगृहात तो गोळा करून क्षितिजाकडे आडवा सोडतात.

त्यासाठी एकसंध भिंग केले असते तर ते पेलवणार नाही इतके जाड झाले असते. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने मधली बिनकामाची काच वगळून नुसते वक्र पृष्ठभाग कड्याकड्यांनी मांडले. असे पहिले भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात चढले. पहिल्या दर्जाच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या, भिंगात ज्योतीपासून काच ९२ सेंटिमीटरवर असते, आणि तिथे चूक खपत नाही. ज्योत एक सेंटिमीटर वर सरकली की झोत सुमारे ०.६ अंश खाली झुकतो. म्हणजे ३६ मीटर उंचीवरून त्याचा मध्य साडेतीन किलोमीटरच्या आतच पाण्यात शिरतो. ज्योत खाली गेली तर उजेड ढगांना.

दिवा किती लांबून दिसेल, याचे गणित वर्गात घ्या : दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, तिचे वर्गमूळ, गुणिले ३.८६, उत्तर किलोमीटरमध्ये. ३६ मीटरला २३ किलोमीटर. पाहणारा जहाजावर ९ मीटर उंच उभा असेल तर त्याचे साडेअकरा मिळवा. झाले जवळजवळ ३५. उंची चौपट केली तरी अंतर दुप्पटच होते, म्हणून उंच मनोऱ्यापेक्षा टेकडी स्वस्त पडते.

प्रश्न : गावच्या गढीच्या बुरुजाला सिमेंटचा गिलावा केला, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले. दीपगृहांना तर बारमाही खारा वारा. तिथे काय करतात?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : सिमेंट तेवढे टाळतात. जुनी चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट चढला की ओल आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा दर्शनी थरच सोलून निघतो. समुद्राकाठी मीठ वाऱ्याबरोबर येते. तुमच्याकडे जमिनीतून, आणि गढीत गुरे बांधत असतील तर मुतातूनही. लोणा लागतो तो हाच.

गढी संरक्षित स्मारक असेल तर आधी पुरातत्त्व विभागाची परवानगी. मग सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा. विटेचा चेहरा सोबत येत असेल तर तेवढा भाग राहू द्या, ओरबाडून काढण्यात जास्त नुकसान. सांधे त्यांच्या रुंदीच्या दुप्पट खोल कोरा, कोरड्या ब्रशने झाडा, पाणी मारा. मग एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, खरखरीत नदीची रेती दाबून भरा. चुना महिनाभर तरी पाण्याखाली मुरू द्यावा. कळीचा चुना विझवताना तो पाण्यात टाकायचा, त्याच्यावर पाणी ओतायचे नाही. उकळी उसळून डोळे जातात, चष्मा लावाच.

हे काम दिवाळीनंतर काढा. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश आवळतो, आणि त्याला ओल लागते. मेअखेरच्या नवतपात केलात तर तो आवळण्याआधीच वाळून भुकटी होईल. आठवडाभर ओली पोती बांधून ठेवा. शेवटी चुन्याची सफेदी, पातळ चार-पाच हात. एकच जाड हात तडकतो. दमट किनाऱ्यावर मात्र पाण्यातही आवळणारा चुना वापरतात.

दीपगृहांचे आणखी एक दुखणे : दिवे स्वयंचलित झाल्यावर राखणदार गेले, खिडक्या बंद झाल्या आणि आतल्या भिंतींना घाम सुटू लागला. गढीच्या झरोक्यांत विटा चिणल्या असतील तर त्या आधी काढा.

प्रश्न : दीपगृहाच्या काचघराला दिवसा पडदे का लावत?
— एक विद्यार्थिनी, जि. वाशीम

उत्तर : भिंगाने उन्हात कापूस पेटवून पाहिला असशीलच. हे भिंग माणसाहून उंच. दिवसा ते न फिरता थांबलेले असताना त्यातून ऊन आत शिरले तर दिव्याचे भाग वितळतात, कधी आगही लागते.