वेलंकनीचा नवस: गुडघे आईचे, मुंडण नातवाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजले: तुम्ही मूळचे वसईचे, आता टोरांटोत. मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला तेव्हा आईने नवस बोलला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मारियामातेचं तीर्थ आहे त्या वेलंकनीला जाऊन गुडघ्यांवर चालेन आणि नातवाचं मुंडण करीन. आता आई पंचाहत्तरीच्या, पोरगा चौदाचा आणि केसांना हात लावू देत नाही. सणालाच जावं का, हेही विचारलंय.

आधी नवसाचं बोलू, घरातली भांडणं तिथूनच सुरू होतात. चर्चच्या कायद्यात हे अगदी स्पष्ट आहे. कॅनन, म्हणजे कलम, ११९३: नवस फक्त बोलणाऱ्याला बांधतो. आजीने नातवाच्या डोक्याचा शब्द दिला तरी तो नातवावर चढत नाही. त्याला स्वतःहून करावंसं वाटलं तर उत्तम, नाहीतर सोडा. ओढून नेलेलं पोर आयुष्यभर वेलंकनीचं नाव काढणार नाही. आईच्या गुडघ्यांचंही तसंच. खाजगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळं करायचा अधिकार आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख फादरांना असतो. शिवाय बोललेल्या गोष्टीऐवजी तितकंच किंवा त्याहून चांगलं काही करायचं असेल, तर बोलणारी व्यक्ती स्वतःच तसा बदल करू शकते. पण हे आईंना तुम्ही सांगू नका. त्यांना ते पळवाट वाटेल. फादरांना घरी बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं मन फादरांच्या एका वाक्याने हलकं होतं, मुलांच्या दहा वाक्यांनी होत नाही.

आता वेळ. २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्माचा सण. त्या दिवसांत लाखोंची गर्दी असते, भगव्या कपड्यांतले पायी येणारे वेगळेच. देखणं असतं, नाही म्हणत नाही. पण गुडघेदुखीच्या बाईला त्या गर्दीत उभं करणं मला पटत नाही, आणि तुमच्या मुलाची शाळाही नेमकी तेव्हाच सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्यावर ईशान्य मान्सून असतो, अधूनमधून चक्रीवादळंही. २०१८च्या नोव्हेंबरात ‘गाजा’ तिथूनच गेलं. नाताळात पुन्हा झुंबड. म्हणून मार्चची सुट्टी धरा. ईस्टरआधीचा उपवासकाळ असेल, ऊनही तापायला लागलेलं असेल, पण आई निवांत बसून रोझरी म्हणू शकतील.

मुंबईहून विमानाने तिरुचिरापल्ली गाठा, तिथून गाडीने साधारण दीडशे किलोमीटर. वाटेत तंजावर लागतं. आपल्या भोसल्यांनी जिथे पावणेदोनशे वर्षं राज्य केलं ते हेच, तेव्हा पोराला तिथे उतरवाच. सणासाठी वांद्रे टर्मिनसहून खास रेल्वे सोडतात, पण दोन रात्रींचा प्रवास आहे, आईंसाठी नको.

तिथे पोचल्यावर फक्त बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, पाहून परतू नका. (१९६२मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी बॅसिलिकेचा दर्जा दिला.) मागच्या बाजूने वाळूची वाट माता कुळमकडे, म्हणजे मातेच्या तळ्याकडे जाते. परंपरा सांगते की तिथे दूध घेऊन निघालेल्या मुलाला मातेने दर्शन दिलं. गावात नडु तिट्टू म्हणून जागा आहे, तिथे ताक विकणारा पांगळा मुलगा चालायला लागला. तिसरी कथा वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांची. ते सुखरूप लागले तो दिवस ८ सप्टेंबर, म्हणून सण त्या दिवशी. त्यांनी दिलेल्या चिनी मातीच्या बशा वेदीवर बसवलेल्या आहेत. आई वाळूच्या वाटेवर चार पावलं गुडघ्यांवर आणि बाकी खुर्चीवर गेल्या तरी काही बिघडत नाही. त्या वाटेवर क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेचे टप्पे आहेत, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना करता येते. फादरांनी नवस बदलून दिला तर नेमकं हेच सुचवतील असा माझा अंदाज.

नातवाला अर्पणांचं संग्रहालय दाखवा. लोकांनी वाहिलेल्या सोन्याचांदीच्या वस्तू तिथे मांडून ठेवल्यात. कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाचं घर. चौदा वर्षांच्या पोराला माझ्या मते प्रवचनापेक्षा हे जास्त कळतं. आणि साडी नेसलेल्या मातेपुढे रांगेत शेजारी हिंदू कुटुंब उभं दिसलं तर त्याला नवल वाटेल. इथे ते रोजचंच आहे. २०२४मध्ये रोमहून वेलंकनीबद्दल आलेल्या पत्रातही ख्रिस्ती नसलेल्या भाविकांचा आदराने उल्लेख आहे.

समुद्राबाबत मात्र कडक राहा. आपल्या वसईचा समुद्र ओळखीचा, तो नाही. २६ डिसेंबर २००४च्या सुनामीत तिथल्या किनाऱ्यावर कित्येक यात्रेकरू गेले. पाण्यात उतरायचं नाही, पाय भिजवण्यापुरतं ठीक.

सण चुकल्याची आईंना चुटपुट लागली, तर त्यांना सांगा की वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्राही याच सणाची, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते. कधी त्या सप्टेंबरात इथे असल्या तर डोंगरावर टॅक्सी वरपर्यंत जाते.

तुमच्या दोघांकडे आणि मुलाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं कार्ड) आहे ना? नसेल तर तिकिटांच्या आधी ते पाहा. आणि तिरुचिरापल्ली विमानतळावर आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.